बीरगांवच्या खाली दोन किलोमीटर

रायपूरहून बिलासपूरकडे निघालेली गाडी उरकुरा स्टेशन घेते, तो सगळा परिसर बीरगांवचा. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर असल्याने गावाची ओळख स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि ट्रकांच्या रांगा अशीच झाली आहे. जमिनीखाली काय आहे याचा विचार इथे होतो तो बहुधा बोअर मारताना. माती संपली की ड्रिलच्या तोंडी करडा, कठीण चुनखडक येतो आणि बोअरवाला दर वाढवून सांगतो.

हा चुनखडक सुमारे शंभर कोटी वर्षांचा आहे. भूवैज्ञानिक त्याला चंडी चुनखडक म्हणतात. बलौदाबाजार, तिल्दा, भाटापारा या पट्ट्यातले सिमेंट कारखाने याच कुळातल्या खडकांवर उभे आहेत. तो साचला तेव्हा इथे उथळ समुद्र होता. त्यात मासे नव्हते, शिंपले नव्हते, किनाऱ्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती. होत्या त्या सूक्ष्मजीवांच्या चिकट साई. त्यांच्यावर गाळ साचत गेला, पापुद्र्यावर पापुद्रा चढला आणि घुमटाच्या आकाराचे स्ट्रोमॅटोलाइट तयार झाले. रायपूरच्या आसपास एखादी खाण उघडली की तिच्या भिंतीवर हे घुमट कापलेल्या कांद्यासारखे दिसतात.

चंडीच्या खाली गुंडरदेही नावाचा शेलचा थर आहे, त्याखाली चारमुरिया चुनखडक, तळाशी चंद्रपूर समूहाचे वालुकाश्म आणि सर्वांत खाली बस्तर क्रेटॉनचा ग्रॅनाइट-नाइस. (हे चंद्रपूर छत्तीसगढातले, महाराष्ट्रातले नव्हे.) थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. तीस हजार चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे छत्तीसगढ खोरे देशातल्या २६ गाळखोऱ्यांपैकी एक आहे. तेल-वायूच्या सरकारी वर्गवारीत ते तिसऱ्या श्रेणीत मोडते, म्हणजे शक्यता मानलेली आहे पण हाती काही लागलेले नाही.

इतक्या जुन्या खडकात तेल कुठले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तेल तयार व्हायला झाडे किंवा प्राणी लागत नाहीत, सेंद्रिय गाळ लागतो, आणि तो सूक्ष्मजीवांपासूनही साचतो. ओमानमध्ये आणि पूर्व सैबेरियात कॅम्ब्रियनपूर्व काळातल्या खडकांतून तेल-वायू निघतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात दमोह जिल्ह्यातल्या विंध्य खोऱ्यात ओएनजीसीला वायू मिळाला आहे, आणि ते खडकही असेच प्राचीन आहेत. छत्तीसगढ खोऱ्यात तसे काही आहे की नाही, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र हा प्रश्न जमिनीला कसा विचारायचा आणि तिने दिलेले अर्धवट उत्तर कसे वाचायचे, याचे एक पूर्ण शास्त्र आहे. पदव्युत्तर पातळीवर ते शिकवले जाते. शोध-भूकंपशास्त्र हे त्याचे नाव, पण क्षेत्रावर आणि कंपन्यांत सगळे त्याला नुसते ‘सिस्मिक’ म्हणतात.

भूकंपशास्त्र म्हटले की मराठी माणसाला १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो. तिथे धक्का निसर्ग देतो. कधी आणि कुठे देईल हे आधी कळत नाही. तेलशोधात धक्का आपण देतो, त्यामुळे त्याची जागा आणि वेळ मिलिसेकंदापर्यंत ठाऊक असते. बाकी लहरींचे गणित तेच. या विद्येची बरीच पायाभरणी तर भूकंपवाल्यांनीच केलेली आहे. गटिंगेनचा कार्ल झोप्रिट्झ अवघ्या सव्विसाव्या वर्षी, १९०८ साली वारला. दोन थरांच्या सीमेवर तिरपी आदळलेली लहर किती परत फिरते आणि किती पुढे जाते, याची त्याने मांडलेली समीकरणे १९१९ मध्ये छापून आली. त्या समीकरणांतली खुबी वापरून वाळूतला वायू ओळखता येतो, हे ऑस्ट्रॅन्डर या अमेरिकी भूभौतिकज्ञाने १९८४ मध्ये दाखवून दिले. मधल्या पासष्ट वर्षांत ती समीकरणे पाठ्यपुस्तकांत होतीच. विद्यार्थी परीक्षेसाठी ती घोकतात, पण हा इतिहास सहसा त्यांच्या कानावर येत नाही. तो यायला हवा असे मला वाटते. जुने समीकरण केव्हा कामाला येईल याचा नेम नसतो.

बीरगांवच्या बाहेर एखाद्या मोकळ्या शेतात असे सर्वेक्षण करायचे आहे असे समजू. सरळ रेषेत ठराविक अंतरावर जिओफोन रोवले जातात. जिओफोन म्हणजे मुठीएवढे उपकरण: आत लोहचुंबक, त्यात स्प्रिंगवर तरंगणारी तारेची गुंडाळी आणि खाली जमिनीत खुपसायला एक खिळा. जमीन हलली की चुंबक हलतो, गुंडाळी मागे राहते आणि तारेत क्षीण वीज निर्माण होते. धक्का देण्यासाठी उथळ छिद्रात स्फोटक उडवतात किंवा व्हायब्रोसिसचे अवजड ट्रक आणतात. ट्रकाच्या पोटाखालची लोखंडी पाटी जमिनीवर टेकते आणि काही सेकंद थरथरते. थरथर कमी कंपनसंख्येपासून सुरू होते आणि चढत जाते. वस्ती जवळ असेल तर स्फोटकांऐवजी ट्रकच बरे.

आता लहर खाली निघाली. चुनखडकात तिचा वेग सेकंदाला पाच-साडेपाच किलोमीटर, शेलमध्ये चारच्या आसपास. वेगाला घनतेने गुणले की त्या खडकाचा ध्वनिरोध मिळतो. दोन थरांच्या ध्वनिरोधात फरक असेल तरच लहर परत फिरते. चुनखडकाचा वेग ५,५०० मीटर आणि घनता २.७, शेलचा वेग ४,००० आणि घनता २.५ धरली, तर सीमेवरून परतणाऱ्या लहरीची उंची मूळच्या साधारण एक पंचमांश येते, आणि तीही उलटी. ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले तर जेमतेम चार टक्के. पुष्कळ सीमांवरून याहून कितीतरी कमी परत येते. दोन किलोमीटर खोल तळाला टेकून लहरीने पुन्हा वर यायला पाच किलोमीटरच्या वेगाने ०.८ सेकंद लागतात. बीरगांवच्या खाली शंभर कोटी वर्षांपूर्वी जे काही साचले, त्याची सगळी हकिगत पहिल्या एका सेकंदाच्या आत येऊन संपते.

त्या एका सेकंदात बाकीचेही पुष्कळ काही येते. रोलिंग मिलचे हादरे, बिलासपूर रस्त्यावरचे ट्रक, मालगाडी, वाऱ्याने हलणारी झाडे. एका जिओफोनवरच्या एका नोंदीत खडकाचा आवाज शोधू गेलात तर हाती काही लागत नाही. म्हणून खालच्या एकाच बिंदूवरून परतलेल्या अनेक लहरी गोळा करतात. धक्का आणि जिओफोन यांच्यातले अंतर दर वेळी निराळे, पण मधला बिंदू तोच. अंतर वाढले की वाट तिरपी आणि लांब होते, लहर उशिरा पोचते. वरच्या उदाहरणात धक्का आणि जिओफोन दोन किलोमीटर दूर असतील तर ०.८ ऐवजी ०.८९४ सेकंद लागतात, म्हणजे ९४ मिलिसेकंदांचा उशीर. हा उशीर वेगावर अवलंबून असल्याने तो मोजून उलट वेग काढता येतो. उशीर वजा करून सगळ्या नोंदी एका रांगेत आणायच्या आणि मग त्यांची बेरीज करायची. भजनात साठ जणांच्या टाळ्या एका ठेक्यावर पडल्या की त्या घुमतात आणि मागची कुजबुज विरून जाते, तसे इथे होते. साठ नोंदींच्या बेरजेत खडकाची खूण साठपट वाढते आणि अस्ताव्यस्त गोंगाट फक्त आठपटीच्या आतबाहेर. हॅरी मेन या अमेरिकी भूभौतिकज्ञाने १९५० च्या दशकात ही युक्ती पेटंट करून घेतली. आजचे सगळे सिस्मिक तिच्यावर उभे आहे.

एम.एस्सी.च्या वर्गात हे सूत्र फळ्यावर दोन ओळींत संपते. शेतात ते तसे संपत नाही, आणि ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी जास्तीत जास्त वेळ या ठिकाणी घालवावा असे माझे मत आहे. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो. उंचवट्यावरची लाल मुरमाड ती भाटा, तिच्या खालच्या उतारावरची पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागातली काळी चिकण कन्हार. एकाच सर्वेक्षणरेषेवर हे चारही प्रकार भेटू शकतात. भाट्यात जिओफोनचा खिळा आत जायला तयार नसतो. कन्हार पावसानंतर त्याला घट्ट धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून सोडून देते. त्याशिवाय चुनखडकाचा माथा सपाट नसतो. पाण्याने तो विरघळत जातो, पोकळ्या पडतात आणि त्यांत माती भरते. एके ठिकाणी मातीची जाडी दोन मीटर, शंभर पावलांवर बारा.

या दहा मीटरांच्या फरकाचा हिशेब करून पाहा. मोकळ्या मातीत लहरीचा वेग सेकंदाला सहाशे मीटर धरला तर दहा मीटर ओलांडायला जवळजवळ १७ मिलिसेकंद लागतात. तेवढाच चुनखडक असता तर दोन लागले असते. लहर फक्त वर येताना ती माती ओलांडते असे धरले तरी फरक १५ मिलिसेकंदांचा. तो दुरुस्त न करता तसाच राहिला तर पाच किलोमीटर वेगाच्या खडकात सदतीस मीटरांचा खोटा खड्डा दिसतो, आणि त्याच्या दोन बाजूंना खोटे उंचवटे. तेल शोधणारा माणूस उंचवटेच शोधत असतो. वरच्या मातीची नीट चौकशी न केल्यामुळे खाली नसलेल्या रचनेवर विहीर खोदली जाण्याचा धोका असा तयार होतो. ही दुरुस्ती करण्याला क्षेत्रावर ‘स्टॅटिक्स काढणे’ म्हणतात. ते किचकट आणि वेळखाऊ काम आहे, निबंधात त्याचे कौतुक फारसे होत नाही. पण जुन्या, कठीण खडकांच्या प्रदेशात सर्वेक्षणाचे बरेवाईट तिथेच ठरते.

मऊ, तरुण गाळाच्या खोऱ्यात हेच शास्त्र किती झटपट फळ देते, याचे उदाहरण मुंबईच्या समोर आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘ॲकेडेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि रशियन तंत्रज्ञ खंबातच्या आखातात सिस्मिक नोंदी घेत होते. त्या नोंदींत समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा दिसला. पुढे आणखी सर्वेक्षणे झाली, जपानात बांधलेले, समुद्रात विहीर खोदणारे ‘सागर सम्राट’ आले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय क्षेत्रात, तेल लागले. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झाले. मुंबई हायचा मुख्य साठासुद्धा चुनखडकातच आहे, पण तो मायोसीन काळातला, म्हणजे बीरगांवच्या चुनखडकापुढे अगदी कालचा. त्यात छिद्रे शाबूत आहेत. उंचवटा दिसला तरी त्यात तेल आहे असे सिस्मिकने सांगितले नव्हते. सांगितले विहिरीने. हा भेद पहिल्या सत्रातच मनावर ठसायला हवा.

महाराष्ट्राच्या जमिनीवर प्रकरण याच्या उलट आहे. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचे थर आहेत, आणि त्यांच्याखाली कुठे कुठे मध्यजीव महाकल्पातला गाळ दडला असावा म्हणून नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बरीच भूभौतिक सर्वेक्षणे झाली. वरचा बेसॉल्ट वेगवान आणि खालचा गाळ तुलनेने संथ, असा क्रम असला की अपवर्तनाची पद्धत आंधळी होते. खालच्या संथ थराची पहिली लहर पृष्ठावर परत येतच नाही. परावर्तनाची लहर येते, पण लाव्ह्याच्या एकावर एक थरांत ती इतकी आपटते, विखुरते आणि उसळते की खालची खूण त्यात बुडून जाते. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि मग थेट आधारखडक. एवढ्या एका उत्तरासाठी खोदावे लागले.

रायपूर-बीरगांवच्या मुलामुलींनी हे शिकायचे ठरवले तर वाटा कोणत्या? बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित पक्के असेल तर भूभौतिकीकडे जाता येते. भूशास्त्र नंतर आत्मसात होते, उलट दिशेने जाणे जड पडते. रायपुरात एनआयटीचा उपयोजित भूशास्त्र विभाग आहे आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, पण खास भूभौतिकीसाठी बाहेर पडावे लागते. उरकुऱ्यावरून जाणारी मुंबई-हावडा लाईन इथे कामाची आहे. एका टोकाकडे आयआयटी खरगपूर, दुसऱ्या टोकाला पवईचे आयआयटी मुंबई, आणि दोन्हीकडे भूभौतिकीचे एम.एस्सी. वर्ग. धनबादची जुनी आयएसएम, आता आयआयटी, १९२६ सालची. खनिज आणि तेलशोधाचे शिक्षण देणारी ती देशातली एक नाणावलेली संस्था. तिथे आणि बनारस हिंदू विद्यापीठातही भूभौतिकीचे पदव्युत्तर वर्ग आहेत. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ आहे आणि शेजारीच १९६१ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था. आयआयटींसाठी जॅम परीक्षा. पुढे ओएनजीसीसारख्या कंपन्यांनी अनेक वर्षे गेटमधल्या भूशास्त्र-भूभौतिकीच्या पेपरवरून माणसे घेतली, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा.

नोकरीबद्दल स्पष्ट बोललेले बरे. हा उद्योग कच्च्या तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतो. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता, जानेवारी २०१६ मध्ये तो तिसाच्या खाली गेला आणि जगभर सर्वेक्षण कंपन्यांनी माणसे कमी केली. २०२० मध्ये पुन्हा तेच. एम.एस्सी.ला प्रवेश घेताना असलेली बाजारपेठ पदवी हातात पडताना असेलच असे नाही. म्हणून ‘तेलात पैसा आहे’ एवढ्यावर हा विषय निवडू नये, लहरींमध्ये रस असेल तर निवडावा. लहरींचे गणित, संकेतप्रक्रिया आणि अपुऱ्या नोंदींवरून जमिनीचा अंदाज बांधण्याची शिस्त एकदा अंगी बाणली की ती कुठेही नेता येते. भूजल, बोगदे, धरणांचे पाये, कोळशाच्या खाणी, भूकंपाचा धोका. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात भरला जातो, आणि तो आत कुठे पसरतो आहे हे दर काही वर्षांनी सिस्मिक घेऊनच पाहतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांशेजारी वाढलेल्या विद्यार्थ्याला चंद्रपूर वालुकाश्म असे काही साठवू शकेल का, हा प्रश्न पडला तर तो मोलाचा प्रश्न आहे.

सराव करायला आज कंपनीत पाय ठेवण्याची वाट पाहावी लागत नाही. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सने तयार केलेले सिस्मिक युनिक्स आणि त्याच जातीचे मादागास्कर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. उत्तर समुद्रातल्या डच एफ-३ ब्लॉकची त्रिमितीय नोंद खुली आहे. इक्विनॉर कंपनीने २०१८ मध्ये व्होल्वे या बंद केलेल्या तेलक्षेत्राचा जवळजवळ सगळा विदा खुला केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय सिस्मिक कार्यक्रम सुरू झाला. फारसा शोध न झालेल्या गाळखोऱ्यांत ४८,२४३ लाईन किलोमीटर सर्वेक्षण करण्याचे त्याचे लक्ष्य होते. अशा सर्वेक्षणांचा विदा हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या राष्ट्रीय विदा भांडारात ठेवला जातो, आणि विद्यापीठांना तो संशोधनासाठी मागता येतो.

बीरगांवच्या गोंगाटाचाही इथे उपयोग आहे. १९६८ मध्ये जॉन क्लेअरबाउट या अमेरिकी भूभौतिकज्ञाने दाखवले की थरांमधून खालून वर आलेल्या लहरीची नोंद तिच्या स्वतःशीच ताडून पाहिली तर वरून धक्का देऊन मिळाली असती तशी परावर्तनाची नोंद हाती येते. ही कल्पना पुढे पसरत गेली. आता दोन ठिकाणची सततची कुरबुर तासन्‌तास नोंदवून, एकमेकींशी ताडून, मधल्या जमिनीतला लहरींचा वेग काढतात. त्यासाठी स्फोटक लागत नाही, व्हायब्रोसिसचा ट्रक लागत नाही. गोंगाट करणारा रस्ता, गिरण्या आणि रेल्वे मात्र लागते. बीरगांवजवळ जिओफोनची एक छोटी रांग लावून उथळ मातीचा वेग आणि चुनखडकाच्या माथ्याचे चढउतार काढणे, मग एखाद्या जुन्या सिस्मिक रेषेची स्टॅटिक्स त्यावरून नव्याने बसवून गुंडरदेही शेलचा माथा पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतो का ते तपासणे: एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध होईल एवढे हे काम आहे. उत्तर ‘नाही’ आले तरी प्रबंध पुरा होतो, फक्त भाट्यावरच्या आणि कन्हारातल्या नोंदी वेगवेगळ्या ठेवायला विसरू नये.